इनासकाकांचा बंब आणि आळीचं पाणी

खेळणी मुलं मोडत नाहीत. मोठी माणसं मोडतात. हे वाक्य मला दुकानाच्या पाटीवर लिहून हवं होतं. पाटी रंगवणारा ब्रश खाली ठेवून म्हणाला, "असं लिहिलंत तर गिऱ्हाईक येईल का?" मी म्हटलं, येईल, आणि खाली मान घालून येईल. त्याने ऐकलं नाही. पाटीवर 'ट्रान्झिस्टर, टेप व रिमोटची खेळणी दुरुस्त करून मिळतील' एवढंच आलं. उरलेलं इथे लिहितो.

अनुभव लिहायला केस पिकावे लागतात असं आमच्या गावातल्या काही मंडळींचं मत आहे. या नाताळ अंकासाठी माझं नाव निघालं तेव्हा एकाने विचारलंही, "त्याचा कसला अनुभव? तो तर पत्रकं वाटतो." वाटतो. आळीतल्या क्रुसापाशी, चर्चच्या पायरीवर, बाजारात, जिथे माणूस घटकाभर थांबतो तिथे त्याच्या हातात पत्रक देतो. पण माझं पोट स्क्रूड्रायव्हरवर चालतं. पत्रक आणि स्क्रूड्रायव्हर यांनी मिळून एकदा जे काम केलं, ते सांगायला मी म्हातारा होईपर्यंत थांबणार नाही.

माझं दुकान तुळिंजच्या बाजारात, पिठाच्या गिरणीला लागून. गिरणी सुरू झाली की टेबलावर पिठाचा थर बसतो, म्हणून उघडलेलं खेळणं मी जेवणाच्या ताटाखाली झाकून ठेवतो. गिऱ्हाईक बहुतेक आमच्याच किनाऱ्याच्या गावांतलं. घरटी एकजण कुवेतला, मस्कतला नाहीतर बोटीवर. तो येताना खेळणं आणतो. बटण दाबलं की धावणारी गाडी, शिटी मारणारी आगगाडी, कधी अख्खं गाव: रस्ता, पूल, पेट्रोलपंप, आणि त्यात फिरणारी मोटार. घरी आल्यावर त्याचं काय होतं? ते काचेच्या कपाटात जातं. वरची प्लास्टिकची पिशवीसुद्धा निघत नाही. पाहुणे आले की बाहेर काढायचं, रिमोट बापाने धरायचा आणि पोराने लांब उभं राहून बघायचं. मी विचारतो, खेळणं आणलं कुणासाठी? म्हणून माझ्या दुकानाचा नियम आहे: दुरुस्त झालेलं खेळणं मी मोठ्या माणसाच्या हातात देत नाही. मूल घेऊन या. ते चालवून बघेल, मग न्या. या नियमापायी काही गिऱ्हाइकं गेली. जाऊ देत.

धंदा म्हणाल तर अवघड नाही. कपाटातल्या खेळण्याचा घात त्याच्या पोटातले सेल करतात. वर्षभर तसेच ठेवले की सेल पाझरतात. तो चिकट रस पितळेच्या पट्ट्यांवर सुकतो, हिरवट थर धरतो, आणि त्या थराने वीज अडते. खेळण्यात बाकी काही बिघडलेलं नसतं. अर्धं लिंबू, जुना टूथब्रश आणि पॉलिश पेपरचा तुकडा, एवढ्यावर माझी निम्मी दुरुस्ती होते. जाताना प्रत्येकाला एकच गोष्ट बजावतो: खेळ संपला की सेल काढून ठेवा. लोक मान डोलावतात, आणि पुढच्या नाताळला तेच खेळणं, तोच हिरवा थर घेऊन परत येतात.

रिमोटचं थोडं वेगळं आहे. रिमोट म्हणजे हाक मारणारा, आणि गाडी म्हणजे ती हाक ऐकणारी. पण या बहुतेक खेळण्यांना कान असतो, ओळख नसते. दोन घरांत एकाच लहरीवरची खेळणी असली तर एकाच्या हाकेला दुसऱ्याची गाडी धावते. मनवेलपाड्याच्या एका इमारतीतून एक बाई आल्या होत्या. मूळच्या चिपळूणकडच्या. गाडी टेबलावर ठेवली आणि चार पावलं मागे सरकल्या.

"आपोआप चालते हो," त्या म्हणाल्या. "भर दुपारी. सासूबाईंनी लिंबू-मिरची बांधली तरी चालते."

लिंबू-मिरची खरंच बांधलेली होती, मागच्या चाकाला. मी त्यांच्या घरी गेलो. गाडी जमिनीवर ठेवून सगळे भिंतीला टेकून बसलो. थोड्या वेळाने गाडी सुरू झाली आणि मिरची फरफटत पलंगाखाली गेली. मी वरच्या मजल्यावर जाऊन दार वाजवलं. रेल्वेत नोकरीला असलेले एक गृहस्थ रात्रपाळी संपवून रिमोट हातात घेऊन बसले होते. समोर विमान. "काय झालं, आवाज होतो का?" म्हणाले. मी म्हटलं, आवाज होत नाही, तुमच्या विमानाबरोबर खाली मोटार उडते. त्या दिवसापासून दोन्ही घरांची खेळायची वेळ ठरली. सासूबाईंनी मात्र मिरची सोडली नाही.

आणि खोबरेल तेल. यावर मी एक पत्रकच काढणार होतो. आमच्याकडे डोक्याला खोबरेल, शिलाई मशीनला खोबरेल, दाराच्या बिजागरीला खोबरेल. मग खेळण्याच्या दातेरी चाकांना का नको? उन्हाळ्यात ते चालूनही जातं. पण नाताळ येतो थंडीत, आणि थंडीत खोबरेल थिजतं. ऐन सणाला आमच्या गावांतली खेळणी पोटात पांढरी मेणचट गोळी घेऊन बंद पडतात. मी ती गोळी काढतो, साबणाच्या पाण्याने चाकं धुतो, उन्हात वाळवतो आणि पेन्सिलच्या शिशाची पूड लावतो. बस.

आता इनासकाका.

इनासकाका आमच्या आळीतले मोठे बागायतदार. आळीत त्यांची विहीर सगळ्यांत खोल, आणि तिच्यावर मोटर. आमची वाडी त्यांच्या खालच्या अंगाला, समुद्राच्या बाजूला. केळी आणि पानवेल. घरी आमची बोली वेगळी आहे, पण इथे सगळ्यांना कळेल असंच लिहितो. आमच्या वाड्यांत विहीर असते, आणि बावखल असतं. बावखल म्हणजे लहानसं तळं. पावसाचं पाणी तिथे साठतं, जमिनीत मुरतं आणि उन्हाळाभर विहिरींना पुरतं. पुढे स्टेशनच्या बाजूला इमारती उठल्या. इमारत बांधणाऱ्यांनी जिने दिले, गॅलऱ्या दिल्या, नळाला पाणी द्यायचं विसरले. मग टँकर आले. पाणी कुठून भरणार? आमच्या गावांतून.

इमारतीत राहणारा माझा शत्रू नाही. मनवेलपाड्याच्या त्या बाईंनाही हंडा भरावा लागतोच. माझा राग ज्यांनी नळ न देता घरं विकली त्यांच्यावर, आणि जे आपल्या मोटरला दिवसभर विश्रांती देत नाहीत त्यांच्यावर. इनासकाकांच्या दाराशी टँकर लागायला लागले. एक गेला की दुसरा. थोड्याच दिवसांत आई सकाळी विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखायला लागली. एके दिवशी म्हणाली, "आज जिभेला लागलं." म्हणजे खारट. मग पानवेलीच्या कडा पिवळ्या पडायला लागल्या. खारं पाणी एकदा वाडीत शिरलं की वेल जातो, मग केळ जाते, मग माणूस नोकरी शोधतो आणि वाडी इमारतीला देतो. एवढंच पणाला लागलं होतं. आमची वाडी राहते की जाते, एवढंच.

मी पत्रक काढलं. त्याला मथळा दिला: 'पाणी विकाल, गाव विकाल'. पत्रकाचं काय झालं ते सांगतो. आईने उरलेल्या गठ्ठ्यात खायची पानं बांधून बाजारात नेली.

इनासकाकांना मी तोंडावर बोललो. ते पडवीत दाढी करत होते.

"माझ्या विहिरीचं पाणी माझं," आरशातून माझ्याकडे बघत ते म्हणाले. "तुझ्या विहिरीत बादली टाकतो का मी?"

"काका, विहिरीला वर कठडा असतो. खाली भिंत नसते."

"तू खाली उतरून बघून आलास वाटतं."

"तुमची मोटर सुरू झाली की आमचं पाणी खाली जातं. आईला विचारा."

"तुझी आई साध्या चहालाही खारट म्हणते." त्यांनी ब्रश फिरवला. "पत्रकात काहीही छापता येतं रे. डोळ्यांनी दाखव, मग मानीन."

हे शेवटचं वाक्य त्यांनी मला हाकलण्यासाठी वापरलं होतं. मी ते धरून ठेवलं.

नाताळ जवळ आला. आमच्याकडे प्रत्येक आळी ख्रिस्तजन्माचा गोठा उभा करते, आणि पॅरिशतर्फे, म्हणजे आमच्या चर्चतर्फे, बक्षीस असतं. त्या वर्षी काकांचा मुलगा बहारीनहून अग्निशमन दलाचा अख्खा संच घेऊन आला होता. ठाणं, रस्ता, जळणारं घर आणि रिमोटवर चालणारा लाल बंब. रिमोटवर दोन बटणं: एक पळायचं, एक पाणी ओढायचं. बंबाच्या पोटात नखाएवढा पंप. मागची नळी पाण्यात सोडली की पाणी ओढायचा आणि पुढच्या नळीने फवारायचा, खरंखुरं. काका तो घेऊन स्वतः माझ्या दुकानात आले. आळीच्या गोठ्यात तो बसवायचा होता आणि आळीत ते काम येणारा मी एकटाच.

"पत्रकं बाजूला ठेव आणि हा बसव," म्हणाले. "पलीकडच्या आळीने बघत राहिलं पाहिजे."

मी स्पष्ट सांगितलं. "बसवतो. पण पाणी लागेल, तर मी गोठ्याभोवती आपलं गाव करणार. तुमची विहीर, आमची विहीर, बावखल, समुद्र. बंब तुमच्या विहिरीतून पाणी ओढेल. तुम्ही म्हणाला होतात, डोळ्यांनी दाखव."

काका हसले. "दाखव की. माझी विहीर मोठी कर मात्र."

कुणी म्हणेल मी त्यांना फसवलं. अजिबात नाही. गिऱ्हाइकाच्या खेळण्यात त्याला न विचारता एक स्क्रूही बदलायचा नाही, हा माझा धर्म आहे. मी बंबात काहीही बदललं नाही. जमीन तेवढी माझी होती.

क्रुसासमोर फळ्यांचा माच घातला. त्यावर गोणपाट, माती, पेंढा. मधे गोठा, बाळ येशू, मेंढपाळ. शेतं आमच्या रीतीप्रमाणे नाचणी रुजवून केली. चांगले वीतभर कोंब आले. विहिरी म्हणून काचेच्या बरण्या पुरल्या, आणि माचाच्या पुढच्या बाजूने माती अशी कापली की बरण्यांचं पोट लोकांना दिसावं. बावखल म्हणून एक बसकी काचेची वाटी. कडेला समुद्राचं तबक. विहिरीत टाकतात त्या जांभळ्या पावडरची चिमूट घालून समुद्र जांभळा केला, बाकीचं पाणी स्वच्छ. आणि मातीखालून या सगळ्यांना दवाखान्यातल्या सलाईनच्या नळीने जोडलं. पाणी सगळीकडे एकाच पातळीत उभं. मेंढपाळांच्या मागे पुठ्ठ्याची चार मजली इमारत, तिच्या डोक्यावर टाकी. बंबाचा फवारा त्या टाकीत पडायचा. आईने एकदा वाकून बघितलं आणि खालच्या बाजूच्या बरणीवर बोट ठेवलं. "ही आमची का?" मी म्हटलं, हो. तिने त्या बरणीच्या कडेला नाचणीचे कोंब जरा दाट करून लावले.

नाताळच्या सकाळी बंब हलेना. मी पोट उघडलं. आत पांढरी गोळी. मर्सीकाकू, म्हणजे इनासकाकांच्या पत्नी, लाजून म्हणाल्या, "सणाचा दिवस, म्हटलं जरा तेल घालावं. बिचारा लांबून आलाय." मी बंब उघडून साबणाने धुतला, पत्र्यावर उन्हात वाळवला, शिसं लावलं. लोक चर्चमधली मिस्सा आटपून, जेवून क्रुसापाशी जमायला लागले तेव्हा बंब बसलेला होता, नवे सेल घातलेले होते.

परीक्षक फादर आले. आळी जमली. बंदरावरची कमळीबाय मासळीची पाटी टेकवून उभी राहिली. नियमाप्रमाणे रिमोट मुलाच्या हातात जायला हवा होता, पण त्या दिवशी मी माझा नियम मोडला. रिमोट इनासकाकांच्या हातात दिला.

काकांनी पहिलं बटण दाबलं. बंब ठाण्यातून निघाला, वळण घेऊन त्यांच्या विहिरीशी थांबला. मी मागची नळी बरणीत सोडली. त्यांनी दुसरं बटण दाबलं. घर्र असा आवाज झाला आणि पुठ्ठ्याच्या इमारतीवर पाण्याची धार पडली. पोरं ओरडली. काकांनी आजूबाजूला बघितलं. अगदी बाप झाल्यासारखे.

मग लोक खाली बघायला लागले. काकांच्या बरणीतलं पाणी उतरत होतं. बावखल उतरत होतं. आमची बरणी उतरत होती, आणि तिला कुणीही हात लावला नव्हता. समुद्राकडच्या नळीतून जांभळी रेघ आत शिरली आणि सगळ्यांत आधी आमच्या विहिरीत पसरली.

 आई म्हणाली, "असंच लागलं जिभेला."

काकांनी बटणावरचा अंगठा उचलला. "बरं, पाहिलं," म्हणाले.

बंब थांबला नाही.

काकांनी परत दाबून सोडलं. बंब ओढतच होता. रिमोटची एरियलची तार आत ढकलली, मग खटका बंद केला. बंब ओढतच होता. बावखलाचा तळ दिसला. आमची बरणी जांभळी झाली.

"ए, बंद कर," काका मला म्हणाले.

"रिमोट तुमच्या हातात आहे, काका."

"मी बंद केलाय रे. ऐकत नाही."

"तो आता तुमच्या हाकेने चालत नाही."

"मग कुणाच्या?"

"दुसऱ्या कुणाच्या तरी."

एवढ्यात जांभळी रेघ काकांच्या स्वतःच्या बरणीत उतरली. मोठी, खोल, सगळ्यांत चांगली विहीर. ती रंगताना आम्ही सगळ्यांनी बघितली, आणि काकांनी सगळ्यांत जवळून बघितली. कमळीबाय पाटी उचलता उचलता म्हणाली, "आमचं पानी कवाच खारं झालं. या, तुमी पन आमच्यात या."

लोक हसले. काका हसले नाहीत. "अरे, थांबव ना," ते म्हणाले, आणि या वेळी आवाज खाली आला होता.

"उलटा करा. पोटाखाली झाकण आहे. सेल काढा."

भर सणाच्या कोटात इनासकाका माचावर वाकले. बंबाचा फवारा त्यांच्या बाहीवर उडत होता. त्यांनी नखाने झाकण उघडलं आणि एकेक सेल काढून खिशात टाकला. बंब गप्प झाला.

नंतर उलगडा झाला. क्रुसामागच्या चिंचेच्या झाडापलीकडे, पलीकडच्या आळीत त्याच कंपनीची गाडी गोठ्याच्या भिंतीला अडकली होती, आणि एक पाहुणा तिला मागे घ्यायला बटण दाबून बसला होता. त्यांचं मागे जायचं बटण आणि आमचं पाणी ओढायचं बटण, दोघांची हाक एकच. मी हे ठरवून केलं असं आजही लोक म्हणतात. मी केलेलं नाही. जमलं असतं तर नक्की केलं असतं. पहिलं बक्षीस पलीकडच्या आळीला मिळालं, त्या अडकलेल्या गाडीसाठी. याबद्दल परीक्षकांना काय म्हणायचं ते मी तेव्हाच म्हणून घेतलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. मी आमच्या कुंपणाशी उभा होतो. ड्रायव्हरने पाइप सोडला. काका पडवीत आले आणि म्हणाले, "मोटर बंद आहे."

"बिघडली काय?"

"नाही. सेल काढलेत."

ड्रायव्हरला काही कळलं नाही. तो कुरकुर करत पाइप गुंडाळून गेला. मग काका कुंपणाशी आले. त्यांच्या हातात मोटरच्या स्विचबोर्डातला चिनी मातीचा फ्यूज होता. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला.

"हा तुझ्याकडे राहू दे. माझ्याकडे राहिला तर पुन्हा बसवीन."

"काका, वाडी कशी शिंपाल?"

"मागायला येईन."

आळीतल्या आणखी दोघांनी टँकरवाल्यांशी बोलणी लावली होती. इनासकाकांनीच सोडल्यावर ती बोलणी तिथेच राहिली. आमच्या आळीत त्यानंतर टँकर भरलेला नाही. पुढच्या पावसात बावखल काठोकाठ भरलं. पाऊस संपल्यावर आईने विहिरीचं पाणी ओंजळीत घेतलं, चाखलं, आणि त्याच पाण्याचं चहाचं आधण ठेवलं. पानवेलीला नवे कोंब आले आहेत. ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी येऊन बघावं.

बंब दर वर्षी माझ्याकडे येतो. सेल काढलेले असतात, वेगळ्या कागदात बांधलेले, आणि आत खोबरेलचा थेंब नसतो. फ्यूज मी सेलच्याच डब्यात ठेवतो. वाडी शिंपायच्या दिवशी, मी दुकानाला निघायच्या आधी, काका आमच्या कुंपणाशी येऊन उभे राहतात आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक मारतात, "दे रे माझा सेल." शिंपणं झालं की परत आणून देतात. मी एकदाही आठवण करून दिलेली नाही.